पंखाताईची पेन्सिल

पंखाताईच्या दातात पेन्सिल दिसली की समजावं, बाई कामात आहे आणि आता तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. ती उत्तर देणार नाही, कारण तोंड रिकामं नाही. आणि ऐकणारही नाही, कारण त्या वेळी ती कानांनी ऐकतच नसते. लाकडी पेन्सिलीचं एक टोक दाढांमध्ये धरायचं, दुसरं पंख्याच्या चौकटीला टेकवायचं आणि डोळे मिटायचे, एवढीच तिची रीत. पंखा आतल्या आत काय कुरकुरतो आहे ते दातांतून थेट डोक्यात उतरतं. खोलीत दीडशे पंख्यांचा कल्ला चाललेला असला तरी हा एकटा वेगळा ऐकू येतो. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी घरी करून बघावं, पेन्सिल काही महाग नसते.

पंखा म्हणजे छताला टांगलेला नव्हे. हे तळहातावर मावणारे पंखे, संगणकाच्या पोटातले. ग्राफिक्स कार्डावर तीन-तीन, हार्ड डिस्कच्या कपाटाला डझनभर. ती काम करायची त्या इमारतीत ॲनिमेशनचे चित्रपट बनायचे. वरच्या मजल्यावर चित्रकार बसायचे. त्यांनी वर एक अस्वल पळवलं की खाली मशीनरूममध्ये चाळीस यंत्रं त्या अस्वलाचा केस न् केस मोजत बसायची. मोजता मोजता ती तापायची, आणि पंख्याने दगा दिला की कार्ड स्वतःला वाचवायला बंद पडायचं. मग अस्वल एक पाय वर करून तसंच उभं. त्या अस्वलाचा पाय खाली टेकवणं हे पंखाताईचं काम, असं ती स्वतः सांगायची.

एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे झाडू-फडक्याच्या कामाला आली होती. तेव्हा मशीनरूम थोरल्या साहेबांकडे होती. एके सकाळी फरशी पुसता पुसता ती त्यांना म्हणाली, "साहेब, तो खिडकीजवळचा आहे ना, त्याचा घसा बसलाय." साहेबांनी मान हलवली आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या यंत्राचं कार्ड जळलं. आठवड्याने तिने दुसरं एक यंत्र दाखवलं, तेही गेलं. तिसऱ्या वेळी मात्र साहेबांनी यंत्र उघडून पाहिलं. पंख्यात धुळीचा बोळा, आणि आतलं तेल आटून खडखडीत झालेलं. त्या दिवसापासून साहेब सकाळी आले की पहिला प्रश्न तिलाच विचारायचे, "ताई, आज कोण आजारी?" ती खोलीभर एक फेरी मारून यायची आणि सांगायची. पुढे त्यांनी तिला कोपऱ्यात एक टेबल दिलं, एक स्टूल दिलं आणि आपला लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर दिला. पेन्सिलीची युक्तीही त्यांचीच. झाडू दुसऱ्या बाईकडे गेला आणि हिची पंखाताई झाली.

टेबलावरचं सामान पाहिलं तर कोणी नाक मुरडेल. जुना टूथब्रश, रंगाचा मऊ कुंचला, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, इंजेक्शनची सुई. पंख्याच्या पाठीवरचं गोल लेबल नखाने हळूच उचलायचं, खालचं बूच काढायचं, तेलाचा एकच थेंब सोडायचा आणि लेबल पुन्हा चिकटवायचं. दोन थेंब टाकले तर तेल बाहेर उडतं आणि धूळ धरतं. नवा पंखा आणणं सोपं असतं, पण बऱ्याच जुन्या कार्डांच्या मापाचे पंखे आता कोणी बनवतच नव्हतं. त्यातले कित्येक हिच्या एका थेंबावर दहा-दहा वर्षं फिरत होते. हे सगळं ती एका जाड वहीत लिहायची: तिसरी रांग, दुसरं यंत्र, मधला पंखा, खोकला. औषध दिलं. बरा.

आणखी एक सवय होती तिची, ती मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. स्क्रू पूर्ण बसला की ती वर पाव फेरी जास्त आवळायची. टेबल मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तिने बसवलेला एक पंखा सैल होऊन कार्डावर पडला होता आणि कार्ड गेलं होतं. थोरले साहेब एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. तेव्हापासून ती पाव फेरी. सतरा वर्षांत तिचा एकही स्क्रू सुटला नाही, याचा तिला गर्व होता. होताच. नाही कशाला म्हणायचं?

थोरले साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आल्या एक तरुण मॅडम. हुशार, कष्टाळू, कोणाला दुखवून न बोलणाऱ्या. पण त्यांचा विश्वास पडद्यावरच्या रेघांवर. कुठलं यंत्र किती तापलं, कुठली डिस्क किती वेगाने चालली, सगळं त्या आलेखात बघायच्या, म्हणून चित्रकारांनी त्यांचं नाव ग्राफमॅडम ठेवलं. त्यांनी मशीनरूममध्ये एक पिवळी रेषा मारून घेतली. रेषेच्या अलीकडे यंत्रं आणि पंखे, पलीकडे डिस्कचं नवंकोरं कपाट. पलीकडे फक्त तांत्रिक माणसांनी जायचं. पंखाताई रेषेला कधी पाय लावत नसे. जिथे आपल्याला बोलावलेलं नाही तिथे ती कशाला जाईल?

त्या कपाटात अठ्ठेचाळीस हार्ड डिस्क होत्या आणि त्यांत अख्खा चित्रपट होता. डिस्क गार राहाव्यात म्हणून मॅडमनी बारा दांडगे पंखे मागवले. कपाटाचं मागचं दार काढून पंखाताईच्या टेबलावर आणलं गेलं. तिने दाराच्या बाहेरच्या अंगाला बारा पंखे बसवले, प्रत्येकाला चार स्क्रू, प्रत्येक स्क्रूला वर पाव फेरी. पेन्सिल लावून एकेकाला तपासलं. बाराच्या बारा उत्तम. दार पुन्हा पलीकडे गेलं, कपाटाला जडलं, आणि तिथून घोडं पेंड खायला लागलं.

डिस्क एकाएकी मान टाकायच्या. कधी ही, कधी ती. वर चित्रकार फाइल उघडून हातावर हात धरून बसायचे. चाळीस यंत्रांतली कार्डं कपाटातून चित्र येण्याची वाट बघत गार पडायची. मॅडमनी सहा डिस्क बदलल्या, नव्या सहाही तशाच वागू लागल्या. उष्णता म्हणावी तर डिस्क गारेगार. मॅडमनी पंख्यांचा वेग आणखी वाढवला आणि डिस्क आणखी पडायला लागल्या. शेवटी एकसारखे शर्ट घातलेले बाहेरच्या कंपनीचे दोघे जण आले, दोन दिवस बघून गेले, आणि 'सर्व सुटे भाग सुस्थितीत' असा कागद देऊन मोकळे झाले. चित्रपट सोमवारी द्यायचा होता.

बुधवारी मॅडमनी पंखाताईला केबिनमध्ये बोलावलं. "बसा ताई," त्या म्हणाल्या. बसा म्हटलं की बातमी वाईट असते, हे ताईला इतक्या वर्षांत कळलं होतं, म्हणून ती उभीच राहिली.

"शनिवारपासून मशीनरूमची देखभाल बाहेरची कंपनी करणार आहे," मॅडम म्हणाल्या. "पंखा बिघडला की काढायचा आणि नवा लावायचा. दुरुस्ती बंद. तुम्हाला वर स्टोअरमध्ये जागा देतेय. कामावरून कोणी काढत नाहीये तुम्हाला."

"आणि माझं टेबल?"

"ते लागणार नाही आता."

"डिस्क माझ्या पंख्यांनी पडतायत असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं मी म्हटलं नाही. पण काय बिघडलंय ते इथे एकालाही सांगता येत नाहीये. तुम्हाला येतंय का?"

ताईला येत नव्हतं. ती तशीच बाहेर आली. पगार तोच राहणार होता, स्टोअरमध्ये खुर्चीही बरी मिळाली असती. पण तिथे तिला कोणी काही विचारणार नव्हतं. आणि कोणी काही विचारत नाही अशा जागी बसून राहणं म्हणजे काय, ते झाडूच्या दिवसांत तिने पुरेपूर पाहिलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली. सायकल दुरुस्तीचं दुकान, रस्त्याच्या कडेला. नवरा एका सायकलच्या चाकावरचा पत्रा बसवत होता आणि बोल्ट अर्धवटच आवळत होता. हिला ते बघवेना.

"अहो, आवळा की नीट. सुटेल तो."

"तू पंखे सांभाळ," नवरा म्हणाला. "इथे जास्त आवळलं की अख्खी सायकल बोंबलते. चाकाची थरथर सरळ पत्र्यात येते. मध्ये रबर घालायचं आणि त्याला जरा डुलू द्यायचं." त्याने जुन्या ट्यूबमधून कापलेली एक चकती बोल्टखाली सरकवली.

ताई त्या चकतीवर वाकली. मग म्हणाली, "चकती काढा आणि एकदा घट्ट आवळून दाखवा."

"आत्ताच तर बसवली."

"दाखवा ना."

त्याने आवळून दाखवलं आणि चाक फिरवलं. ताईने पिशवीतून पेन्सिल काढली, दातात धरली आणि टोक सायकलच्या मुठीला लावलं. मागच्या चाकाची घरघर पुढे मुठीपर्यंत येत होती. मग तिने चकती घालायला लावली आणि परत ऐकलं. मूठ गप्प झाली होती. दुकानासमोरून जाणारे दोन-तीन लोक सायकल चावणाऱ्या बाईकडे बघत उभे राहिले, पण तिचं तिकडे ध्यान नव्हतं. तिचा चेहरा पडला होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"पंख्यांना मी तपासलं हो. माझ्या टेबलावर, एकेकाला. पण त्यांची थरथर पलीकडे डिस्कमध्ये जाते का, ते कधी ऐकलंच नाही. बारा पंखे, अठ्ठेचाळीस स्क्रू. इतके आवळलेत मी की दार आणि पंखे एकच झालेत." तिने पेन्सिल पिशवीत टाकली. "डिस्कमध्ये एक सुई असते म्हणतात, केसाहून बारीक रेघेवर धरायची. खडखडत्या गाडीत बसून सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर कसं जमायचं?"

नवरा स्टुलावर बसला. "मग उद्या जाऊन गुपचूप सैल कर आणि मोकळी हो. कोणाला पत्ता लागणार आहे?"

"रेषेपलीकडे जायचं तर मॅडमना विचारावं लागेल. विचारायचं तर कारण सांगावं लागेल." ती पुढे म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर माझ्यामागून येणारा पुन्हा असंच आवळून ठेवेल."

नवऱ्याने एक जुनी ट्यूब ओढली, भोकं पाडायचं हत्यार काढलं आणि विचारलं, "किती चकत्या?" स्क्रूच्या डोक्याखाली एक आणि पंख्यामागे एक, अशा शहाण्णव. दिवेलागणीपर्यंत त्याने शंभर पाडल्या. चार जादा ठेव म्हणाला, त्या नेहमी हरवतात.

शुक्रवारी सकाळी पंखाताई पिवळ्या रेषेशी येऊन उभी राहिली. सतरा वर्षांचा गर्व आपल्याच तोंडाने मोडायचा होता. वरून दोघे-तिघे चित्रकारही आले होते, कारण त्यांच्या फाइली परत अडकल्या होत्या.

"मॅडम, डिस्क माझ्यामुळे पडतायत," ती म्हणाली. "मी पंखे जास्त आवळलेत."

मॅडमनी पडद्यावरून मान वळवली. "जास्त आवळल्याने? कशावरून?"

"ऐकवते. पण पेन्सिल दातात धरावी लागेल."

चित्रकारांपैकी एकाने हसू दाबलं, पण खिशातली नवी पेन्सिल त्यानेच पुढे केली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या, डिस्कच्या वेगाच्या मरगळलेल्या रेघेकडे पाहिलं, आणि पेन्सिल घेतली. "या," म्हणाल्या. पंखाताईने पहिल्यांदा रेषा ओलांडली. मग अख्ख्या मशीनरूमने पाहिलं की इस्त्रीच्या कपड्यांतल्या ग्राफमॅडम कपाटापुढे ओणव्या झाल्या आहेत, पेन्सिल दातात आहे, आणि टोक एका डिस्कच्या चौकटीला टेकलं आहे.

"घर्र घर्र येतंय," मॅडम पेन्सिलीआडून म्हणाल्या. "डिह्क आहे, घर्र घर्र करणारच."

"डोळे मिटा. आणि बोलू नका." मॅडमना असं कोणी सांगितल्याला बरीच वर्षं झाली असावीत, पण त्यांनी डोळे मिटले.

पंखाताई कपाटामागे गेली. तिने एका पंख्याची पिन काढली. मग दुसऱ्याची. एकेक करत बाराही काढल्या. "अर्ध्या मिनिटात काही तापत नाही," ती मागून ओरडली, "तेवढं ऐका."

मॅडमच्या दातातली घरघर विरत विरत गेली आणि मागे फक्त डिस्कची स्वतःची बारीक, सरळ गुणगुण उरली. त्यांनी डोळे उघडले. समोर पडद्यावरची रेघ, तीन आठवडे जमिनीला पोट लावून पडलेली, उठून सरळ वर चढत होती. पेन्सिल त्यांच्या तोंडातून खाली पडली.

"परत लावा पिना," त्या म्हणाल्या. पिना लावल्या आणि रेघ खाली आली. "काढा." रेघ वर गेली. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी चित्रकारांनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅडम आयुष्यात पहिल्यांदा पडद्याकडे पाठ करून एका माणसाकडे बघत राहिल्या.

त्यानंतर काम सुरू झालं. एक पंखा काढायचा, बाकीच्या अकरांनी कपाट गार ठेवायचं. आठ चकत्या घालायच्या, पंखा लावायचा, पुढचा घ्यायचा. सगळ्यांत अवघड काय होतं माहीत आहे? ती पाव फेरी न मारणं. मनगट आपोआप वळायचं. तिसऱ्या पंख्याला तर तिने नकळत आवळलंही, आणि स्वतःवर चिडून सैल केलं. "मॅडम, तुम्ही इथे उभ्या राहा आणि स्क्रू टेकला की बस म्हणा," ती म्हणाली. मॅडम उभ्या राहिल्या. बस. बस. बस ताई. आठव्या पंख्यापासून त्यांना म्हणावं लागलं नाही.

बारावा पंखा बसला तेव्हा दुपार उतरली होती. डिस्क पडायच्या थांबल्या, कपाटातून चित्रं धो धो यायला लागली, आणि चाळीस यंत्रांतली कार्डं तीन आठवड्यांनी तापली. आता खरी परीक्षा तिच्या जुन्या पंख्यांची होती. सगळे एकदम पूर्ण वेगाने फिरायला लागले, दहा-दहा वर्षांचे म्हातारे, एकेका थेंबावर जगलेले. पंखाताई रांगांमधून डोळ्यांत तेल घालून फिरली. एकही खोकला नाही. तिला इतका आनंद झाला की तिने एका यंत्राच्या डोक्यावर चक्क थोपटलं.

मात्र शनिवारी सकाळी ती आली तर तिचं टेबल बाहेर व्हरांड्यात उभं. वर तेलाची बाटली, टूथब्रश आणि वही, उघड्यावर. बुधवारचा हुकूम कागदावर होता, तो रद्द करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि हमाल बिचारे वेळेवर आले होते. चूक कबूल केली, आता तिचीच शिक्षा, असंच ताईला वाटलं. तिने बाटलीचं बूच लावलं, वही उचलली आणि स्टोअरच्या जिन्याकडे वळली.

"कुठे निघालात?" मागून मॅडमचा आवाज आला. त्यांनी टेबल पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे कोणी बाहेर काढलं? आत घ्या ते. आत्ताच्या आत्ता."

वरून चित्रकार धावत आले. एकसारख्या शर्टातले कंपनीचे दोघेही किल्ल्या घ्यायला नेमके तेव्हाच पोचले होते. "मग आम्ही काय करायचं?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"एक कोपरा धरा," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी धरला. आठ जणांनी ते टेबल खांद्याइतकं वर उचललं, नवरदेवाला मिरवावं तसं दारातून आत आणलं, आणि जुन्या कोपऱ्यात न थांबता पिवळ्या रेषेपलीकडे, डिस्कच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवलं. स्टूल स्वतः मॅडमनी आणलं. "एक मागू का?" त्या ताईला म्हणाल्या. "ही वही दोन दिवस मला वाचायला द्या."

चित्रपट रविवारी दुपारी पूर्ण झाला. शेवटच्या चित्रात अस्वलाचे चारही पाय जमिनीवर होते.

सोमवारी पंखाताई नेहमीच्या वेळेला आली. टेबलावर वही ठेवलेली होती, पहिलं पान उघडून. त्या पानावर एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्या साहेबांनी आपल्या अक्षरात एकच ओळ लिहिलेली होती. ती वाचते आहे तोच मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पडदा न बघता, हात मागे बांधून.

"ताई," त्यांनी विचारलं, "आज कोण आजारी?"

पंखाताईने पटकन पेन्सिल दातात धरली, नाहीतर तिला रडू फुटलं असतं. ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेली, एकेका पंख्याला टेकत, मग कपाट ऐकलं, आणि परत आली. मॅडम तशाच उभ्या होत्या. ताईने पेन्सिल काढून पदराला पुसली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "सगळे ठणठणीत आहेत."